हिरा तोच, कोंदण नवे

पश्चिम महाराष्ट्र ज्याला साखरपुडा म्हणतो, त्याला विदर्भात साक्षगंध म्हणतात. एके काळी या विधीत कुंकू, साडी, खण-नारळ आणि फार तर सोन्याचे एखादे वळे एवढेच असे. वधूवरांनी एकमेकांच्या बोटात अंगठी घालण्याची पद्धत अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांत रुळली आणि त्या अंगठीत हिरा येऊ लागला तो त्याहूनही अलीकडे. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली या गावांतील नोकरदार व व्यापारी घरांत आज अशा अंगठ्या आहेत. त्यांतील काही पंचवीस-तीस वर्षे जुन्या झाल्या आहेत. नखे झिजली आहेत, वळे पातळ झाले आहे, बोट जाड झाल्यामुळे अंगठी डबीत पडून आहे किंवा सासूबाईंची अंगठी आता सुनेच्या हाती द्यायची आहे. अशा वेळी घरात प्रश्न निघतो, की हिरा तोच ठेवून अंगठी नव्याने घडवावी काय? घडवायची तर हिरा सुखरूप परत येईल, तो आपलाच असेल आणि सोन्याचा हिशेब चोख राहील, याची खात्री कशी करून घ्यावी?

जुने मोडून नवे करणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. आजीच्या पाटल्यांच्या नातीसाठी बांगड्या होतात, गोफाची साखळी होते. सोने वितळले की त्याचा आकार जातो, पण मोल उरते. हिऱ्याचे तसे नाही. हिरा वितळवून पुन्हा ओतता येत नाही आणि दोन लहान हिऱ्यांचा एक मोठा हिरा होत नाही. त्याचा जो तुकडा गेला तो कायमचा गेला. म्हणूनच ‘हिरा तोच ठेवून अंगठी बदलणे’ या साध्या वाटणाऱ्या कामात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे हिऱ्याला हात न लावता फक्त कोंदण बदलणे आणि दुसरी म्हणजे हिऱ्यालाच नव्याने पैलू पाडणे. पहिलीत धोका मर्यादित असतो, दुसरीत मूळ वस्तूच बदलते. हा भेद ज्याच्या लक्षात आला, त्याचे निम्मे काम झाले.

वज्राच्या खाणीचा प्रदेश

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हिरा हा सुरत-मुंबईकडून आलेला परका पाहुणा वाटत असेल, तर इतिहास वेगळेच सांगतो. गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात वैरागड हे गाव आहे. तेथील किल्ल्याचे अवशेष पाहायला लोक जातात, परंतु गावाचे नावच हिऱ्यावरून पडले असावे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. संस्कृतात हिऱ्याला वज्र आणि खाणीला आकर म्हणतात. अकराव्या शतकातील चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या तमिळ शिलालेखांत ‘वयिराकरम्’ या ठिकाणी त्याने हत्ती पकडल्याचा उल्लेख येतो. त्यासोबतच बस्तरमधील चक्रकोट्टचा उल्लेख असल्याने हे वयिराकरम् म्हणजे वज्राकर, अर्थात आजचे वैरागड, असे इतिहासकारांनी मानले आहे.

त्यानंतर सुमारे पाच शतकांनी अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना त्याने चांद्याचा गोंड राजा बाबाजी याची नोंद केली असून, वैरागडला हिऱ्याची खाण असल्याचे आणि हा मुलूख त्या राजाने दुसऱ्या एका सत्ताधीशाकडून जिंकून घेतल्याचे सांगितले आहे. त्याहीपूर्वी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हिऱ्याच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात हिरे मिळण्याच्या ठिकाणांत वेणा नदीच्या तीराचे नाव आहे, आणि ही वेणा म्हणजे वैनगंगा असावी असे काही अभ्यासकांचे मत आहे. चांद्याच्या गोंड घराण्यातील सर्वांत नावाजलेल्या राणीचे नावही हिराई. बीरशहाची देखणी समाधी तिनेच बांधवली.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. गोवळकोंड्याच्या बाजारातून जाणारे कृष्णाकाठचे हिरे सर्वांत प्रसिद्ध असले, तरी पन्ना, संबळपूर आणि वैरागड ही ठिकाणेही या नकाशावर होती. वैरागडच्या खाणी पुढे बंद पडल्या. आज देशातील हिऱ्यांचे उत्पादन मुख्यतः मध्य प्रदेशातील पन्ना येथून होते.

या इतिहासातून अंगठीच्या मालकाने घ्यायचा धडा मात्र व्यवहारी आहे. पैलू पाडलेला हिरा हाती घेऊन तो कोणत्या खाणीतला, हे प्रयोगशाळेलाही खात्रीने सांगता येत नाही. हिऱ्याच्या पोटात त्याच्या गावाचा पत्ता लिहिलेला नसतो. त्याची ओळख टिकते ती कागदावर आणि माणसांच्या आठवणीत. वैरागडच्या खाणीची कीर्ती आपल्यापर्यंत पोहोचली, तीही कोणी तरी शिलालेखात आणि ग्रंथात लिहून ठेवले म्हणूनच. घरातल्या अंगठीलाही हाच नियम लागू आहे.

नाशिकच्या हिऱ्याची गोष्ट

मूळ हिरा तोच ठेवून दागिना बदलला की काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जगभर ‘नासक डायमंड’ या नावाने ओळखला जाणारा नाशिकचा हिरा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा होता असे सांगितले जाते. पुढे तो दुसऱ्या बाजीराव पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये मराठेशाहीच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. पैलू भारतीय पद्धतीचे, म्हणजे नैसर्गिक आकार आणि वजन शक्य तितके राखणारे होते.

लंडनच्या बाजाराला मात्र वजनापेक्षा झळाळी हवी होती. रंडेल अँड ब्रिज या प्रख्यात जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले आणि तो सुमारे ८० कॅरटचा झाला. १८३७ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. हिरा त्या घराण्याकडे सुमारे नव्वद वर्षे राहिला. १९४० मध्ये अमेरिकन जवाहिर हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला आणि पुन्हा कापवला. या वेळी तो ४३.३८ कॅरटचा, चौकोनी ‘एमराल्ड कट’ हिरा झाला. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका धनाढ्य महिलेकडे तो गेला आणि अंगठीत जडवला गेला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले.

देवाचा अलंकार, तलवारीची मूठ, बाईच्या हातातली अंगठी असा हा प्रवास आहे. नाव तेच राहिले, पण ९० कॅरटांपैकी निम्म्याहून अधिक हिरा भुकटी होऊन गेला. त्र्यंबकेश्वरी ज्यांनी तो पाहिला असेल, त्यांना न्यूयॉर्कमधला हिरा ओळखूही आला नसता. उद्या तो परत आणला, तरी जो गेला तो परत येणार नाही.

कोहिनूरची कथा याला समांतर आहे आणि एका बाबतीत अधिक बोलकी आहे. १८४९ मध्ये तो इंग्रजांकडे गेला, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि त्याची झळाळी पाहून लोक निराश झाले. म्हणून १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. सुमारे १८६ कॅरटांचा हिरा १०५.६ कॅरटांवर आला. एवढी घट पाहून राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट नाराज झाले, असे सांगतात. त्यानंतर मात्र या हिऱ्याने आणखी तीन घरे बदलली. १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्राच्या, १९११ मध्ये राणी मेरीच्या आणि १९३७ मध्ये राणी एलिझाबेथच्या, म्हणजे पुढे राजमाता झालेल्या राणीच्या, मुकुटात तो बसवला गेला. या तिन्ही वेळा फक्त कोंदण बदलले आणि हिऱ्याचे वजन काही घटले नाही. कोंदण बदलणे व हिरा कापणे यांतील फरक यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

कठीण, तरीही नाजूक

‘हिरा ठेविता ऐरणी’ वाचेल तोच खरा, अशी समजूत आपल्या मनात खोलवर रुजली आहे. अंगठीच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिऱ्याला १० गुण असतात, म्हणजे त्याच्यावर ओरखडा फक्त दुसरा हिराच काढू शकतो. परंतु ओरखडा न पडणे आणि घाव सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिऱ्याच्या अंतर्गत रचनेत चार ठरावीक दिशा अशा आहेत, की त्या दिशेने नेमका आघात झाला तर तो दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर शतकानुशतके याच गुणाचा उपयोग करून हिरे फोडत आले. तेव्हा खरेपणा पाहण्यासाठी हिऱ्यावर हातोडी मारू पाहणाऱ्यापासून दूरच राहावे.

हिऱ्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्याची कंबर. वरचे आणि खालचे पैलू जेथे मिळतात ती ही कडा. सराफ्यात तिला ‘गर्डल’ म्हणतात. ती धारेसारखी पातळ असेल, तर नखे वाकवताना तिचा कपचा उडू शकतो. चौकोनी हिऱ्याचे कोपरे आणि पानाच्या किंवा थेंबाच्या आकाराच्या हिऱ्यांची टोकेही तशीच. वर्षानुवर्षे बोटात वापरलेल्या हिऱ्याची कंबर नखांखाली आधीच दुखावलेली असण्याचा संभव असतो, आणि ते हिरा बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून काम देण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हिरा ग्राहकासमोर तपासला गेला पाहिजे आणि दिसलेला प्रत्येक दोष लिहून घेतला पाहिजे. त्यामुळे ग्राहकाला संरक्षण मिळते आणि प्रामाणिक सराफालाही मिळते.

दुसरा शत्रू उष्णता. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. हवेत अतिशय तापवला तर त्याचा पृष्ठभाग जळून दुधाळ होतो. अंगठीचे वळे कापून लहान-मोठे करताना डाक लावावा लागतो, तेव्हा ज्योत हिऱ्याच्या फार जवळ जाते. कसबी कारागीर टाकणखाराच्या वर्गातील लेपाने हिऱ्याचे रक्षण करतात. तरी मोठे काम असेल तर हिरा आधी काढून ठेवणे हेच शहाणपणाचे. काही हिऱ्यांच्या भेगा काचेसारख्या द्रव्याने भरलेल्या असतात. त्यांना तर अशी आच मुळीच सोसत नाही.

काय घडवावे?

मूळ हिऱ्यासाठी नवे रूप निवडताना छायाचित्रांपेक्षा वापरणाऱ्या हाताकडे पाहावे. रुग्णालयात दिवसभर हातमोजे घालणाऱ्या परिचारिकेला, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिक्षिकेला किंवा वनविभागात फिरतीची नोकरी असलेल्या अधिकाऱ्याला उंच नखांवर उभा राहिलेला एकेरी हिरा अडचणीचा ठरतो. तो कापडात अडकतो, आपटतो आणि नखे सैल होतात. त्यांच्यासाठी हिऱ्याच्या कडेभोवती सोन्याची अखंड पट्टी असलेले बंद कोंदण उत्तम. ते कंबरेचे रक्षण करते आणि तिच्यावर असलेला बारीकसा कपचाही झाकते. नखांच्या कोंदणात प्रकाश अधिक खेळतो हे खरे, पण चारऐवजी सहा नखे घेतली तर एखादे नख तुटले तरी हिरा जागेवर राहतो.

हिरा लहान असेल तर त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांचे कडे करून तो मोठा दाखवता येतो. परंतु हे बारीक हिरे नवे असतात, त्यांचे वजन वेगळे लिहिलेले असावे आणि मुख्य हिऱ्याच्या वजनात ते मिसळू नये. अंगठीच हवी असा हट्ट नसेल, तर तोच हिरा मंगळसूत्राच्या दोन वाट्यांमध्ये, पदकात किंवा नाकातल्या चमकीत बसवता येतो. बोटापेक्षा गळ्यात दागिना कमी आपटतो, हाही एक फायदा.

सोन्याच्या शुद्धतेचा प्रश्न येथेच येतो. आपल्या घरांत बावीस कॅरटाला मान आहे. हिऱ्याच्या नखांसाठी मात्र ते मऊ पडते, म्हणून हिऱ्याचे दागिने बहुधा अठरा किंवा चौदा कॅरटात घडवतात. येथे एक गोंधळ दूर करायला हवा. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो. २२ कॅरट म्हणजे ९१.६ टक्के, १८ म्हणजे ७५ टक्के आणि १४ म्हणजे ५८.५ टक्के सोने. हिऱ्याचा कॅरट मात्र वजन सांगतो. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचे शंभर सेंट. शब्द एकच असला तरी मापे दोन आहेत आणि पावतीवर दोन्ही वेगवेगळी दिसली पाहिजेत.

हिशेब कसा मांडावा?

समजा जुन्या अंगठीचे एकूण वजन ४ ग्रॅम आहे आणि तिच्यात अर्ध्या कॅरटचा हिरा आहे. अर्धा कॅरट म्हणजे ०.१ ग्रॅम. तेव्हा सोने ३.९ ग्रॅम. ते बावीस कॅरटाचे असेल, तर त्यात शुद्ध सोने सुमारे ३.५७ ग्रॅम होते. तेवढ्याच शुद्ध सोन्यातून अठरा कॅरटाचे सुमारे ४.७६ ग्रॅम सोने तयार होते. याचा अर्थ, ग्राहकाने बावीस कॅरटाचे ३.९ ग्रॅम देऊन अठरा कॅरटाचे ३.९ ग्रॅम परत घेतले आणि ‘वजन बरोबर आहे’ म्हणून समाधान मानले, तर तो सुमारे ०.६५ ग्रॅम शुद्ध सोने गमावून बसतो. आटणीतील घट वजा होणे रास्त आहे, पण ती किती धरणार हे आधी ठरले पाहिजे. म्हणून हिशेब नेहमी शुद्ध सोन्यात मांडावा, घडणावळ वेगळी लिहून घ्यावी आणि हिरा बसवण्याची मजुरी तिसऱ्या ओळीत असावी.

जुन्या अंगठीचे सोने खरेच बावीस कॅरटाचे आहे काय, हे कसोटीच्या दगडावर अंदाजाने कळते, पण मान्यताप्राप्त परीक्षण केंद्रात ते अधिक नेमके कळते. भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्किंगची सक्ती २३ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत लागू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असणे आवश्यक झाले. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना यातून सूट आहे, ही गोष्ट नाजूक अंगठ्यांच्या बाबतीत ध्यानात ठेवावी. आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. हिरा खरा आहे, नैसर्गिक आहे किंवा आपलाच आहे, याविषयी तो काहीच बोलत नाही.

तोच हिरा परत आला काय?

ग्राहकाच्या मनातली खरी भीती हीच. चंद्रपूरच्या सराफा ओळीत सोन्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, पण हिऱ्याचे नवे कोंदण घडवायचे तर काम अनेकदा नागपूरला किंवा मुंबईला पाठवले जाते. गडचिरोली, अहेरी किंवा भामरागडकडच्या ग्राहकाचा हिरा तर दुकानदार, वाहतूक, कारखाना, कारागीर आणि परत असा चार-पाच हातांतून जातो. या साखळीत बहुतेक जण प्रामाणिक असतात. परंतु चूक, अदलाबदल किंवा लबाडी यांपैकी काहीही झाले, तरी पुरावा नसेल तर नुकसान ग्राहकाचेच.

यावर उपाय आहे तो काम देण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात. शक्य असेल तर हिरा ग्राहकासमोर अंगठीतून काढावा. काढलेल्या हिऱ्याचे वजन कॅरटाच्या दोन दशांश स्थळांपर्यंत करावे. त्याची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. गोल, नीट पैलू पाडलेला एक कॅरटचा हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा, तर पाव कॅरटचा सुमारे ४.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. वजन आणि माप यांची जोडी बदललेल्या हिऱ्याचे बिंग बहुधा फोडते. भिंगातून दिसणारे काळे ठिपके, पांढऱ्या रेषा, कंबरेवरचा कपचा यांच्या जागा कागदावरच्या वर्तुळात खुणेने दाखवाव्यात. निसर्गाने प्रत्येक हिऱ्यात केलेल्या या खुणा माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात. एरवी दोष समजले जाणारे हे ठिपके अशा वेळी मालकाचे साक्षीदार होतात.

हिऱ्याबरोबर जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असेल, तर काम सोपे होते. काही हिऱ्यांच्या कंबरेवर प्रमाणपत्राचा क्रमांक लेसरने कोरलेला असतो. तो भिंगातून देताना एकदा आणि घेताना एकदा वाचावा. प्रमाणपत्र नसेल आणि हिरा मोठा असेल, तर तो सुटा झाल्यावर, नव्या कोंदणात बसण्यापूर्वी, प्रमाणपत्र करून घेण्याची ती सर्वोत्तम वेळ. बसवलेल्या हिऱ्याचे वजन केवळ मापांवरून अंदाजाने सांगता येते, सुट्याचे तराजूवर.

याच तपासणीत कधी कधी कटू सत्यही बाहेर येते. जुन्या अंगठीतला ‘हिरा’ मुळात अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया, निघतो. दुकानात वापरले जाणारे उष्णतावाहकता तपासणारे साधे यंत्र तो लगेच ओळखते. मोईसनाइट मात्र या यंत्राला चकवू शकतो आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर रासायनिकदृष्ट्या हिराच असल्याने या यंत्रावर तो नैसर्गिक हिऱ्यासारखाच दिसतो. त्याची ओळख प्रयोगशाळेतील उपकरणांनीच पटते. म्हणून आज अदलाबदलीचा धोका केवळ काचेपुरता राहिलेला नाही. नैसर्गिक हिऱ्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा प्रयोगशाळेतील हिरा आला, तर डोळ्यांना काहीच कळणार नाही. कळेल ते आतल्या खुणांवरून.

या सर्व नोंदी असलेली सही-शिक्क्याची पावती हवी. तिच्यावर हिऱ्याचे वजन, माप, अंदाजे किंमत, काम कोठे पाठवले जाणार, वाटेत हरवल्यास जबाबदारी कोणाची आणि अंगठी कधी मिळणार, हे लिहिलेले असावे. पुढे वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र आयोगापुढे आठवण चालत नाही, कागद चालतो.

पुन्हा पैलू पाडावेत काय?

कोंदण बदलताना काही वेळा सल्ला दिला जातो, की हिऱ्यालाही नवे पैलू पाडून घ्या, तो अधिक चमकेल. जुन्या पद्धतीच्या काही हिऱ्यांत कमी पैलू असतात, हे खरे. आजच्या गोल ‘ब्रिलियंट’ हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि त्यांच्या कोनांचे गणित मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडले. जुन्या हिऱ्याला त्या मापात बसवायचे तर वजन घटणारच. हिऱ्याचा दर वजनाबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. एक कॅरटाचा हिरा घासून ०.९० कॅरटाचा झाला, तर वजन दहा टक्के घटते, पण किंमत त्याहून अधिक घसरू शकते. शिवाय आधीचे प्रमाणपत्र निरुपयोगी होते आणि ओळखीच्या खुणाही पुसल्या जाऊ शकतात. कपचा उडाल्यामुळे हिरा आणखी तुटण्याची भीती असेल, तर पैलू पाडणे योग्य. केवळ झळाळीसाठी पाव-अर्धा कॅरटच्या हिऱ्यावर हा खर्च व ही घट सोसण्यात क्वचितच शहाणपण असते. अनेकदा हिरा मंद दिसतो तो मागे साचलेल्या साबण-तेलामुळे. कोंदणातून काढून नीट धुतला की त्याचे जुने तेज परत येते.

मोडणे नव्हे, वाढवणे

हिऱ्याची अंगठी मोडणे अशुभ, अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात येते. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मराठीत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. मंगळसूत्र तुटले तरी ते ‘वाढवले’च जाते. ज्या वस्तूत जिव्हाळा गुंतला आहे, तिचा शेवट शब्दानेही होऊ द्यायचा नाही, ही त्यामागची भावना आहे. साक्षगंधाची अंगठी तर दोन घरांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाची साक्ष आहे. ती मोडण्याचा निर्णय म्हणूनच एकट्या सराफाचा नसावा आणि घरातल्या एकाच व्यक्तीचाही नसावा. जिच्या बोटातली ती अंगठी, तिची संमती सर्वांत आधी.

काही घरांत यावर सुंदर तोड निघते. जुने वळे वितळवून नव्या वळ्यातच मिसळायला सांगतात, किंवा नव्या वळ्याच्या आतल्या बाजूस जुनी तारीख कोरून घेतात. जुन्या सोन्याचेच वळे हवे असेल, तर ते आटवून स्वतंत्रपणे घडवावे लागते. त्याला वेळ लागतो आणि घडणावळही अधिक पडते. हे आधी स्पष्ट सांगितले नाही, तर जुने सोने बदल्यात जमा होऊन तयार सोन्याची अंगठी हाती येते.

अंगठी परत घेताना घाई करू नये. देतानाच्या कागदाशी हिरा ताडून पाहावा, कापसाचा धागा नखांवरून फिरवून तो कोठे अडकतो काय हे पाहावे आणि अंगठी कानाजवळ हलवून खुळखुळाट येत नाही ना, याची खात्री करावी. पुढेही वर्षातून एकदा नखे तपासून घ्यावीत. आणि त्या सगळ्या कागदांबरोबर एक कागद आपल्या हस्ताक्षरातही ठेवावा. हा हिरा कोणी, कोणाला, कोणत्या साली दिला, पहिले कोंदण कसे होते आणि ते कधी बदलले, एवढे त्यावर लिहिलेले असले की पुरे. प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हिऱ्याचे वजन सांगते. तो हिरा कोणाचा, हे पुढच्या पिढीला सांगणारा कागद घरातच लिहावा लागतो.